डाव्या बाजूचं दार

हौसरावनं डाव्या दिव्याची काच काढून मांडीवर घेतली आणि आतला गंज ब्लेडनं खरवडायला लागला. तांबूस भुकटी लेंग्यावर पडत होती. पत्रा दिसायला लागल्यावर त्यानं बल्ब बसवला, उठून बटण ओढलं आणि पुढं येऊन बघितलं. दिवा लागला होता. सकाळच्या उन्हात तो आजारी माणसासारखा पिवळट दिसत होता, पण लागला होता.

"काल हॉर्न केलास, परवा वायपर," मागून फकीरचा आवाज आला. "आता हिला आरसा दाव. लाजंल."

फकीर लुना बाभळीला टेकवून उभा होता. न्हावऱ्याच्या चौकात त्याचं गॅरेज होतं आणि ही अँबेसिडर दोघांनी मिळूनच घडवली होती. मूळचं पेट्रोल इंजिन निकामी झालं तेव्हा फकीरनं मोडीत निघालेल्या एका मेटाडोरचं डिझेल इंजिन आणून तिच्यात घातलं. पुढचा सलग बाक काढून दोन सुट्ट्या खुर्च्या टाकल्या आणि मधून गिअरचा दांडा वर आणला. मागची सीट काढून दुधाच्या कॅनसाठी फळी ठोकली. इंजिन दांडगं आणि गाडी म्हातारी. चालू करून नुसती उभी केली तरी ती अंगभर थरथरायची आणि कुठला ना कुठला स्क्रू सैल व्हायचा. एक नीट करावं तोवर दुसरं निघायचं. हौसरावला त्याचा कंटाळा नव्हता. बापाची मेंढरं राखताना तरी काय वेगळं होतं, कळपात रोज एखादं लंगडायचंच.

"सायलेन्सर बी बांधला," तो म्हणाला. "खडखड न्हाई आता."

"दार कवा करायचं?"

हौसराव काच फडक्यानं पुसत राहिला.

"सोमवारी जातूस नव्हं लेकीला आणायला?"

"जायचं तर हाय."

"आन् ती बसंल का ह्याच्यात?"

काच बसवताना हौसरावच्या हातातून स्क्रू निसटला आणि मातीत पडला. तो वाकून शोधायला लागला.

रुपाली त्याची एकुलती लेक. यवतला दिली होती. तिला सातवा महिना लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. आई नसली तरी माहेर होतं. हौसरावची थोरली बहीण अनसाबाई त्यासाठीच येऊन राहिली होती. डिंक, खोबरं, खारका तिनं आणूनसुद्धा ठेवल्या होत्या. अडचण एकच होती. हौसरावच्या बायकोच्या, शेवंताच्या तेराव्याला, पाहुणे जेवून उठत असताना, रुपाली या गाडीपाशी येऊन उभी राहिली होती आणि आवाज न चढवता म्हणाली होती, "आप्पा, ही गाडी माझ्या दारात आणू नका. मी हिच्यात बसायची न्हाई." का, ते तिनं सांगितलं नाही. हौसरावनं विचारलंही नाही. विचारायची गरजच त्याला वाटली नाही.

"सोहेबची जीप हाय," फकीर म्हणाला. सोहेब म्हणजे त्याचा पुतण्या. "तो येईल घिऊन. तू नुसता शेजारी बस."

"नको."

"आरं, पोटुशी पोर ती. यष्टीनं आणणार हायेस का?"

"दुसरी गाडी न्हेली म्हंजी…" हौसराव थांबला.

"म्हंजी काय?"

"म्हंजी तिच्या मनात हाय ते खरं, आसं मीच जाऊन सांगितल्यासारखं."

फकीर उकिडवा बसला. त्यानं मातीतला स्क्रू उचलून हौसरावच्या हातावर ठेवला.

"डॉक्टर तर म्हणला ना, बीपी जुनं हुतं म्हणून."

"म्हणला की."

डाव्या बाजूचं दार दोघांच्या समोरच होतं.

ते दार गाडीचं मूळचं नव्हतं. मागं उसाच्या ट्रॉलीनं गाडीची ती बाजू चेपून काढली, तेव्हा फकीरनं भंगारातून दुसरं दार आणलं. ते चौकटीत बसलं, रंगही लागला, पण आतली कडी आणि कुलूप जोडणारी सळी चार बोटं तोकडी पडली. त्यामुळं दार बाहेरून उघडायचं, आतून नाही. काचही थोडी खाली यायची आणि अडायची, हात बाहेर काढण्याइतकी फट पडायची नाही. "फुडच्या खेपंला सळी आणून लावू," असं फकीर म्हणाला होता. त्याला किती वर्षं झाली हे आता दोघांनाही आठवत नव्हतं.

त्या बाजूला शेवंता बसायची. तिचे गुडघे दुखायचे. मधला गिअरचा दांडा ओलांडून ड्रायव्हरच्या बाजूनं उतरणं तिला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून गाडी थांबली की हौसरावनं उतरायचं, बॉनेटला वळसा घालून पलीकडं जायचं आणि दार उघडायचं. मग ती पदर सारखा करून सावकाश उतरायची. लोकांना त्याची मजा वाटायची. डेअरीवरचा जयसिंग तर दर वेळी म्हणायचा, "हौसराव, बायकूला पार कलेक्टरीन करून ठेवली राव." हौसराव हसायचा. कामाची सवय होऊन जाते तशी ती सवय होऊन गेली होती, आणि सवय झाल्यावर तो कधीकधी विसरायचाही. पाबळला एका लग्नात तो गाडी लावून थेट मांडवात गेला आणि पाहुण्यांच्या गराड्यात अडकला. अक्षता पडायची वेळ झाली तेव्हा त्याला आठवण झाली. धावत आला तर ती आत तशीच बसलेली. "काच वाजवून कुणाला तरी हाक मारायची," तो ओशाळून म्हणाला होता. ती म्हणाली, "कशाला? तुम्ही येणारच हुता की."

पण त्याला रोज टोचायचं ते पाबळचं नव्हतं. ते दौंडचं होतं.

वैशाखात तो तिला दौंडला डॉक्टरकडं घेऊन गेला होता. रक्तदाब मोजून, गोळ्या घेऊन ते परत निघाले. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला भंगाराचं एक आवार होतं. तिथं मागून ठोकर बसलेली एक अँबेसिडर उभी दिसली आणि हौसरावचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. "बस हितंच, आलोच," म्हणून तो उतरला. त्या गाडीचा डायनामो शाबूत होता. मग पाने मागून घेतले, नट गंजले होते म्हणून त्यावर रॉकेल टाकून थांबावं लागलं, भंगारवाल्यानं चहा सांगितला, गाडी कुणाची आणि ठोकर कशी बसली ते सगळं निघालं. डायनामो पोत्यात गुंडाळून काखेत घेऊन तो बाहेर आला तेव्हा गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता. शेवंता पदर तोंडावर ओढून आत बसली होती. समोरच लिंबाची दाट सावली पडली होती आणि सावलीत भंगारवाल्याची शेळी रवंथ करत होती. त्यानं दार उघडलं. ती एवढंच म्हणाली, "झालं का तुमचं?"

तो महिना सरायच्या आत ती गेली. पहाटे धार काढायला उठली, गोठ्याच्या दारात टेकली, ती पुन्हा उठली नाही. उन्हाचा आणि याचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. हौसरावनं ते ऐकून घेतलं. डायनामो अजून पोत्यातच होता, पडवीच्या कोपऱ्यात. तो त्यानं बसवला नव्हता आणि टाकलाही नव्हता.

"पाप आर्धं माझं बी हाय," फकीर बसल्या जागेवरून म्हणाला. "फुडच्या खेपंला लावू, फुडच्या खेपंला लावू. कितीदा म्हणलो."

"मी बी कितीदा हां म्हणलो."

"मग आण पेचकस. का तेरावं माझं झाल्यावर करतूस?"

हौसराव उठला. हत्यारांची पेटी त्यानं चाकाशी आणून ठेवली आणि डावं दार पूर्ण उघडून आतला पुठ्ठा सोडवायला बसला. वरचे स्क्रू घट्ट होते. खालच्या कडेचे नव्हतेच. थरथरीनं गळाले असतील असं दोघांनाही वाटलं. पुठ्ठा निघाला. आत धूळ होती, एक वाळलेलं पान होतं, तोकडी सळी लोंबत होती. आणि कुलपाच्या खटक्याला एक दोरी बांधलेली होती.

काळ्या लोकरीची, हातानं वळलेली दोरी. खटक्यापासून निघून पत्र्याच्या एका भोकातून ओवून ती खाली आली होती आणि तिचं टोक पुठ्ठ्याच्या खालच्या कडेतून बाहेर, सीटच्या बाजूला दुमडून ठेवलेलं होतं. बसणाऱ्या माणसाचा डावा हात खाली सोडला की बरोबर तिथं पोचेल असं.

"ही कुणी बांधली?" फकीर म्हणाला. त्यानं हात आत घालून बघितला. पत्र्याच्या सांदीत त्याचा पंजा मनगटाआधीच अडला. "माझा तर हातच जात न्हाई हितं."

हौसराव गाठीकडं बघत होता. ती वाघुरीची गाठ होती. मेंढरं रात्री ज्या जाळीत कोंडायची, त्या वाघुरीच्या तोंडाला बायका अशी गाठ मारायच्या. लांडग्यानं धडक दिली तरी ती सुटायची नाही, आणि माणसानं बारकं मोकळं टोक ओढलं की लगेच सुटायची. घर बांधलं, पाटाचं पाणी आलं, ऊस लावला, मेंढरं विकली. त्याला स्वतःला आता ती गाठ आली नसती. शेवंताला येत होती. शेवंताचा हात लहान होता, आणि न बघता काम करायची त्या हाताला सवय होती. मेंढी अडली की पोटातलं कोकरू फिरवायला मेंढरांच्या वाड्यावरची माणसं तिलाच बोलवायची. तसाच हात तिनं खालून दाराच्या पोटात घातला असेल आणि चाचपत खटका शोधला असेल. तो कुठं तरी नट सोडवत बसलेला असताना.

त्यानं सीटवर बसून दार लावून घेतलं. मग न बघता डावा हात खाली सोडला, दोरीचं टोक धरलं आणि ओढलं.

टक.

दार उघडलं.

फकीर म्हणाला, "म्हंजी वहिनीला उघडता येत हुतं."

"व्हय."

"आरं, मग ती काय कोंडली न्हवती त्या दिवशी."

"न्हाई."

"मग उतरली का न्हाई?" विचारून झाल्यावर फकीरलाच ते बरं वाटलं नसावं. त्यानं घाईनं स्वतःच उत्तर दिलं. "गाडी राखत आसंल. भंगारवाल्याचं ठिकाण. मागं कॅन हुतं, पिशवी हुती. बाई माणूस इचार करतंयच."

"तसंच आसंल," हौसराव म्हणाला.

सळीचं काम चुलीवरचा चहा उतू जायच्या आत झालं. फकीरनं सायकलची एक जुनी तार खिशातून काढली, पकडीनं दोन्ही टोकं वळवली, एक सळीत आणि एक कडीत अडकवलं. एवढंच. दोरी आता मधे येत होती. हौसरावनं गाठीचं बारकं टोक ओढलं, गाठ सुटली, आणि दोरी गुंडाळून त्यानं खिशात ठेवली. आतली कडी ओढून बघितली. दार उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

त्या दुपारी तो पोटभर जेवला. अनसाबाईनं पिठलं केलं होतं. तिसरी भाकरी मागताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. छातीवरचं काहीतरी बाजूला झालंय. शेवंता कोंडलेली नव्हती. तिला उठून सावलीला जाता येत होतं. हे रुपालीला सांगितलं की झालं. भाकरीचा तुकडा तोंडात असतानाच त्याला त्या बरं वाटण्याची लाज वाटली, आणि त्यानं ताट सारलं.

"घेतली तर खा की," अनसाबाई म्हणाली.

"बास झालं."

सोमवारी सकाळी तो निघाला. पुढची खुर्ची पुसून तिच्यावर घोंगडी अंथरली होती. एरवी वळणावर आपोआप वाजणारा हॉर्न आंधळगावचं वळण घेताना वाजला नाही. सायलेन्सर गप्प होता. इतकी शांत गाडी त्यानं कधी चालवली नव्हती, आणि त्या शांततेत तो बोलायचं काय ते जुळवत होता.

रुपा, तुझ्या आईला दार उघडता येत हुतं. नको. रुपा, तुला वाटतंय तसं न्हवतं झालं. हेही नको. पारगावच्या पुलावर येईपर्यंत त्यानं चार-पाच तऱ्हा करून बघितल्या. खाली भीमेच्या पात्रात म्हशी बसल्या होत्या. कशीही सुरुवात केली तरी शेवटी ते एकाच ठिकाणी जात होतं. ती उतरली नाही, चूक तिची. मेलेल्या बायकोच्या पदरात चूक टाकून मोकळं व्हायचं, एवढंच त्याचं तात्पर्य होतं.

चौफुल्याच्या अलीकडं त्यानं गाडी बाजूला घेतली. खिशातून दोरी काढली आणि मांडीवर सरळ केली. मेंढरं सोडली असली तरी लोकर त्याला कळत होती. दोरी जुनी होती. पत्र्याच्या भोकातून जिथं ती वळत होती तिथं ती घासून झिजायला पाहिजे होती. तिथली लोकर केसाळ होती, जशीच्या तशी. त्याच्याआधी कुणी कधी ओढलीच नसावी. टोक मात्र गुळगुळीत झालं होतं, पीळ बसून गेला होता, जपमाळेच्या मण्यासारखं चकचकीत. तो ते टोक अंगठा आणि बोटात धरून बसला. मागून ट्रकनं हॉर्न दिला तेव्हा त्यानं दोरी खिशात कोंबली आणि गिअर टाकला.

गाडी राखायला दोरी हातात धरून बसायची गरज नव्हती. एवढं त्याला कळलं. त्याच्या पुढचं कळत नव्हतं.

यवतला रुपालीच्या सासूनं, रंगुबाईंनी, पायावर पाणी घातलं आणि ओट्यावर बसायला टाकलं. जावई जालिंदर कामावर गेला होता.

"गाडी तीच आणली व्हय?" रंगुबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. "मी म्हणले तिला, हाय त्यात बसावं. पर तुमची लेक. आयकती का कुणाचं?"

"बघू."

"चहा ठिवते. तवर तुम्ही बोला बापलेक."

रुपाली आतून आली. अंग भरलं होतं, चालताना ती एक हात कमरेवर ठेवत होती. शेवंतासुद्धा तिच्या वेळेला तशीच चालायची. रुपाली त्याच्या पाया पडायला वाकली, तेव्हा त्यानं मधेच तिचे खांदे धरले.

"वाकू नको."

"बरं हाय का तुमचं? जेवता का येळंवर?"

"अनसाक्का आली हाय. जेवतोय."

मग ती गाडीकडं गेली. गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. तो मागून चालत होता आणि शाळेतल्या पोरासारखं सांगत होता.

"समदं केलंय. दिवा केला, वायपर केला. हॉर्न आता आपसूक वाजत न्हाई. सायलेन्सर बांधला. दार बी केलं."

ती डाव्या दारापाशी थांबली होती. तिनं दार उघडलं, एका हातानं सीटचा आधार घेतला आणि दुसरा हात पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला घातला. न बघता. इकडं चाचपलं, तिकडं चाचपलं. मग सरळ झाली.

"दोरी कुठं गेली?"

हौसरावनं खिशात हात घातला आणि दोरी काढून तिच्यापुढं धरली.

"तुला ठाव हुती?"

"आईनं दावली हुती. लग्नाच्या आदी."

"मग…" पुलावर जुळवलेलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. "मग त्या दिवशी दौंडला ती उतरली का न्हाई?"

रुपालीनं दोरी घेतली होती. टोक बोटांत फिरवत होती.

"मी बी फोनवर तेच म्हणले तिला. म्हणले, आगं, दोरी वढायची आन् सावलीला बसायचं. तर हसली. म्हणली, आप्पाला सांगू नको. कळलं तर दार उघडायला यायचं न्हाईत. तेवढ्यापुरतं तर येत्यात फिरून माझ्याकडं."

रंगुबाई चहा घेऊन आल्या. दोघांची तोंडं बघून त्यांनी कप ओट्यावर ठेवले आणि पुन्हा आत गेल्या. रस्त्यावरून पुण्याकडं एक एसटी गेली. तिचा धुरळा हळूहळू खाली बसला.

"मला आईसारखं वाट बघत बसायचं न्हाई, आप्पा," रुपाली म्हणाली. "म्हणून म्हणले हुते तसं. दाराचं काय न्हवतं."

त्यानं मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिला. दार आतून उघडतं, ओढून बघ, असं त्याच्या ओठावर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"फकीरच्या पुतण्याची जीप हाय," तो म्हणाला. "चांगली हाय. उद्या घिऊन यायला सांगतो. मी यष्टीनं येईन संगं, न्हाईतर जालिंदररावांना येऊ दे. तू घरी ये, म्हंजी झालं."

रुपालीनं त्याच्याकडं बघितलं. ओट्यावरचा चहा निवत होता. तिनं एक कप उचलून त्याच्या हातात दिला.

"पिशवी आत खाटंवर हाय," ती म्हणाली. "मला उचलायची न्हाई. तुम्ही घ्या."

परतीच्या वाटेवर रुपाली शेजारी होती आणि तो बैलगाडीच्या चालीनं चालवत होता. खड्डा दिसला की पहिला गिअर. केडगावच्या अलीकडं मागच्या मोटारसायकलवाल्यानं काचेशी येऊन विचारलं, "मामा, अंडी भरल्यात का आत?" रुपाली हसली. तेवढंच. मग पूल आला, म्हशी आता पलीकडच्या काठाला गेल्या होत्या. ती बाहेर बघत होती. दोरी तिनं बोटाला गुंडाळली होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. त्याला विचारायचं होतं, आई अजून काय म्हणायची. त्यानं विचारलं नाही. विचारायला ती होती तेव्हा बक्कळ वेळ होता, आणि तेव्हा तो गाडीखाली होता.

घरासमोर बाभळीखाली त्यानं गाडी थांबवली. अनसाबाई ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभीच होती. इंजिन बंद केलं तशी गाडी एकदा अंग झाडल्यासारखी हलली आणि गप झाली.

हौसराव उतरला. सवयीनं बॉनेटला वळसा घालून निघाला आणि दिव्यापाशी आल्यावर थबकला. दार आता आतून उघडत होतं. त्यानं स्वतःच केलं होतं ते. पुढं जावं का न जावं ते त्याच्या पायांना कळेना. काचेतून त्यानं आत बघितलं. रुपाली समोर बघत बसली होती, पदर सारखा करून.

टक.

दार बोटभर उघडलं आणि तिथंच थांबलं.

"आगं, उतर की," अनसाबाई दारातून म्हणाली. "काय बघतीस?"

रुपाली हलली नाही. हौसरावनं हात लेंग्याला पुसला, पुढं गेला आणि दार धरलं.